गवताळ रानातल्या शेंगांच्या जंगली जाती: ओळख, वर्णन आणि वर्गीकरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उष्ण प्रदेशातल्या माळावर, गुडघाभर गवतात वाकून एखादं नखाएवढं पिवळं फूल बघताना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं अनेक प्रजातींची आहेत, पण पुन्हा पुन्हा येते ती स्टायलोसँथेस. चाऱ्याच्या जगात तिला नुसतं ‘स्टायलो’ म्हणतात आणि नात्याने ती भुईमुगाची चुलत बहीण लागते. वर्गीकरणात जेवढे घोटाळे होऊ शकतात, त्यातले बहुतेक या एका प्रजातीत होऊन गेले आहेत, म्हणून ती सोयीची.

शब्दांबद्दल आधीच सांगतो. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी सर्रास वापरतात. इथे वनस्पतिशास्त्राच्या मराठी रूढीप्रमाणे जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती आणि फॅमिली म्हणजे कुल असा वापर आहे.

हातातलं रोप शेंगांच्या कुलातलं आहे हे कसं ओळखायचं?

शेंग असेल तर प्रश्नच मिटला. फुलाच्या स्त्री-अवयवाच्या एकाच घटकापासून, म्हणजे किंजदलापासून, तयार झालेलं, बिया एकाच कडेला ओळीने लागलेलं फळ म्हणजे शिंबा, म्हणजेच आपली शेंग. शेंग नसेल तर पान बघा. पानं एकाआड एक, बहुधा संयुक्त, देठाच्या बुडाशी दोन उपपर्णं, म्हणजे पानासारखे छोटे तुकडे, आणि तिथेच एक फुगीर सांधा. संध्याकाळी दलं (संयुक्त पानाची छोटी पानं) मिटतात ती याच सांध्याच्या जोरावर. फूल पतंगरूप असेल, म्हणजे एक मोठी ध्वजपाकळी, दोन पंख आणि खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या, तर सहसा चूक होत नाही.

पण ‘सहसा’. टाकळ्याच्या फुलातही पाच पाकळ्या असतात आणि त्या थोड्या विषम दिसतात. अशा वेळी उमललेलं फूल सोडून कळी उघडा. ध्वज बाकीच्या पाकळ्यांना बाहेरून झाकत असेल तर ते पतंगरूप उपकुल. वरची पाकळी सगळ्यांच्या आत दडलेली असेल तर रोप टाकळ्याच्या बाजूचं.

शाळेत तीन उपकुलं शिकलो. आता सहा कुठून आली?

२०१७ मध्ये जगभरातल्या शिंबावंत वनस्पतींच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन नवी मांडणी प्रसिद्ध केली. हरितलवकातल्या मॅट-के या जनुकाच्या आधारे वंशवृक्ष काढल्यावर दिसलं की जुनं सीसॅल्पिनिऑइडी उपकुल म्हणजे एक वंश नव्हताच. जे बाकी दोघांत बसेना ते तिथे टाकलेलं होतं. त्याचे तुकडे झाले, आणि लाजाळू-बाभळीचं मिमोसॉइडी उपकुल नव्या सीसॅल्पिनिऑइडीच्या आत एक शाखा म्हणून गेलं. सहांपैकी एका उपकुलात तर एकच जाती आहे, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली डुपार्केशिया ऑर्किडेशिया.

माळावर काम करणाऱ्याला याचा त्रास फारसा नाही. गवतात भेटणाऱ्या बहुतेक शेंगा पतंगरूप उपकुलातल्याच असतात. या एका उपकुलात सुमारे १४,००० जाती आहेत. सबंध कुल २०,००० च्या जवळपास जातं आणि सपुष्प वनस्पतींत ऑर्किड आणि सूर्यफूल या कुलांनंतर तिसरं येतं.

कुलाचं नाव फॅबेसी की लेग्युमिनोजी?

दोन्ही चालतात. नामकरणाच्या संहितेने काही जुन्या, रुळलेल्या कुलनामांना मुद्दाम सूट दिली आहे. एका लेखात एकच वापरा म्हणजे झालं.

गवताळ प्रदेशातल्या शेंगा ओळखायला इतक्या अवघड का?

कारण त्या सगळ्या एकाच तालमीत तयार झाल्या आहेत. वर्षाचे काही महिने पाऊस, मग कडक कोरड, मधेच वणवा, वरून चरणारी जनावरं. यातून टिकायचे मार्ग मोजकेच आहेत: जमिनीलगत पसरा, किंवा जमिनीखाली लाकडासारखं जाड खोड ठेवून दरवर्षी नवे फुटवे काढा, किंवा कडक कवचाच्या बिया टाकून मरून जा. त्यामुळे नात्याने दूर असलेल्या जाती दिसायला सारख्या होतात. उलट एकच जाती चरलेल्या जागी वीतभर आडवी आणि कुंपणाआड कमरेएवढी उभी सापडते. नुसत्या उंचीवरून आणि ठेवणीवरून ज्यांनी जाती पाडल्या, ते फसले.

दुसरं कारण वंशाचं वय. ब्राझीलच्या सेराडो या गवताळ प्रदेशातल्या वनस्पतींचे जनुकीय अभ्यास सांगतात की तिथल्या अनेक शाखा गेल्या १ कोटी वर्षांतच फुटल्या आणि बऱ्याचशा ४० लाख वर्षांच्या आतल्या आहेत. भूशास्त्राच्या हिशेबात हे कालपरवाचं. इतक्या ताज्या शाखांत सीमारेषा पुसट असणारच.

नमुना गोळा करताना काय काय घ्यायचं?

फूल आणि पिकलेली शेंग, दोन्ही असलेलं रोप. एक नसेल तर त्याच जागी पुन्हा जा. शेंगांच्या कुलात फुलावरून प्रजाती कळते आणि शेंगेवरून जाती, असं ढोबळमानाने म्हणता येतं. एकावाचून दुसरं अर्धवट राहतं.

लहान रोप असेल तर मुळासकट अख्खं घ्या. वनस्पती-संग्रहालयात (हर्बेरियममध्ये) वाळलेला नमुना ज्यावर चिकटवतात तो कागद साधारण ४२ × २९ सेंटिमीटरचा असतो. रोप त्याहून लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखं दुमडा, तोडू नका. दाबताना काही पानं पालथी ठेवा, कारण खालच्या बाजूची लव वरच्यापेक्षा जास्त बोलते. गोळा केल्यावर लगेच दाबा. तासाभराने दलं मिटलेली असतात आणि मिटलेली दलं वाळल्यावर उघडत नाहीत.

तीन-चार फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा. पतंगरूप फूल दाबलं की होडी आणि पंख एकमेकांना चिकटून बसतात आणि नंतर सोडवताना फाटतात. डीएनएसाठी दोन-चार कोवळी पानं सिलिका जेलच्या पुडीत टाका. अल्कोहोलमधली पानं त्या कामाची नाहीत.

मग नोंदवही. वाळल्यावर जे नाहीसं होणार ते आधी लिहा: पाकळीचा रंग, ध्वजावरच्या रेषा, वास, खोडाचा चिकटपणा, रोपाची ठेवण, जमीन वाळूची की चिकणमातीची, जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, आजूबाजूचं गवत कोणतं. चिकटपणा लिहायचा राहिला म्हणून पुढे किती वाद झाले असतील, देव जाणे. वाळलेल्या काडीवर बोट फिरवून तो परत कळत नाही.

आणि हो, परवानगी आधी घ्या. जमीन कोणाची, क्षेत्र संरक्षित आहे का, नमुना देशाबाहेर जाणार आहे का, हे तिन्ही वेगळे प्रश्न आहेत. जनुकीय साधनसंपत्तीच्या देवाणघेवाणीसाठीचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे आणि त्यात सहभागी देशांत कागदपत्रांशिवाय पाठवलेला नमुना पुढे प्रसिद्ध करतानाही अडतो.

मुळं कशाला उपटायची? शेंग आणि फूल पुरत नाही का?

मुळांवरच्या गाठींसाठी. हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू त्यात राहतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. गाठ कुठे आणि कशी येते यावरून वर्गीकरण होतं, हे कमी जणांना माहीत असतं. भुईमूग, स्टायलो, झोर्निया या गटात गाठी उपमुळं जिथे फुटतात नेमक्या त्याच बगलेत येतात, गोल आणि बेताच्या आकाराच्या. खुळखुळ्याच्या (क्रोटॅलॅरियाच्या) गटात त्या वाढत राहतात, त्यांना फाटे फुटतात, कधी मुळाभोवती गळपट्ट्यासारख्या वेढतात. गाठ नखाने चिरून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे.

गाठी आहेत की नाहीत, एवढ्यावरूनही मोठी गोष्ट ठरते. पूर्वीच्या अवाढव्य कॅसिया प्रजातीचे १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी कॅसिया, सेना आणि कॅमीक्रिस्टा असे तीन भाग केले. ते फुलांतल्या आणि शेंगांतल्या फरकांवरून केले, पण मुळंही तेच सांगतात: कॅमीक्रिस्टाला गाठी येतात, बाकी दोघींना येत नाहीत.

पान आणि लव यांत नेमकं काय बघू?

दलं किती, तीन की दोन की चार की बरीच. उपपर्णं सुटी आहेत की देठाला जुळून खोडाभोवती नळी झाली आहे. स्टायलोची उपपर्णं अशी नळीदार असतात आणि तीन दलांच्या बाकीच्या रानशेंगांतून तिला वेगळं काढायला तेवढं पुरतं. झोर्नियाच्या दोन दलांच्या पानाला उजेडासमोर धरा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतात का बघा.

लव भिंगातूनच बघायची, दहापट वाढवणारं भिंग पुरे. नीळ ज्या इंडिगोफेरा प्रजातीतून येते तिचे केस मधोमध चिकटलेले असतात, इंग्रजी टी अक्षरासारखे, दोन्ही टोकं मोकळी. डेस्मोडियमच्या शेंगेवरचे केस आकडेदार, म्हणून ती कपड्याला चिकटते. स्टायलोत दोन तऱ्हा असतात: मऊ साधी लव आणि बुडाशी फुगलेले ताठ राठ केस. काहींच्या केसांतून चिकट द्रव स्रवतो. ‘लव आहे’ एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

फूल कसं उघडायचं आणि आत काय शोधायचं?

दोन सुया, एक पांढरा कागद, पाण्याचा थेंब. पाकळ्या एकेक सुट्या करून ओळीने मांडा आणि प्रत्येकीची लांबी-रुंदी घ्या, बुडाचा नखासारखा निमुळता भाग धरून.

केसरदलं (पुंकेसर) दहा असतात. नऊ जुळलेली आणि एक सुटं, की दहाच्या दहा जुळलेली? परागकोश सगळे सारखे की पाच लांब आणि पाच आखूड? स्टायलोत आणि खुळखुळ्यात दहाही जुळलेली आणि परागकोश दोन मापांचे असतात, तरी या दोन प्रजाती एकमेकींच्या जवळच्या नाहीत. एका लक्षणावर विसंबायचं नाही ते याचसाठी.

स्टायलोचं फूल हातात घेतलं की वाटतं त्याला लांब बारीक देठ आहे. तो देठ नसतो. संवर्त (पाकळ्यांबाहेरचं हिरवं आवरण), पाकळ्या आणि केसरदलं एका दोऱ्यासारख्या नळीच्या टोकावर बसलेली असतात, किंजपुट (ज्याची पुढे शेंग होते तो भाग) खाली नळीच्या बुडाशी असतो आणि किंजल, म्हणजे त्याची बारीक दांडी, त्या नळीतून वर जाते. प्रजातीचं नावच त्यावरून पडलं, ग्रीकमध्ये स्टायलॉस म्हणजे खांब आणि अँथॉस म्हणजे फूल. भुईमुगाचं फूलही असंच असतं. नातं तिथे दिसतं.

आता सगळ्यात चिवट भाग. फुलाच्या बुडाशी बारीक छदकं (पानासारखे छोटे खवले) असतात, काही मिलिमीटरची, आणि काही जातींत त्यांच्याजवळ एक केसाळ काडी उभी असते. फुलोऱ्याच्या अक्षाचा तो खुंटलेला अवशेष. १८३८ मध्ये फोगेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच काडीवरून प्रजातीचे दोन विभाग केले: काडी असलेला आणि नसलेला. ती आहे की नाही हे न बघता स्टायलोची किल्ली, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून निवडत नावापर्यंत नेणारी यादी, पहिल्या पायरीलाच अडते.

शेंगेचं वर्णन कसं करायचं?

ती फुटते का, कशी फुटते, की तुकड्यांत तुटते, यापासून सुरुवात करा. कॅमीक्रिस्टाची शेंग फुटताना पीळ घेऊन बिया उडवते. खुळखुळ्याची फुगलेली असते आणि सुटलेल्या बिया आत वाजतात. क्रोटॅलॅरिया हे नाव ग्रीक खुळखुळ्यावरूनच आलं आहे, म्हणजे दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवलं. डेस्मोडियम, झोर्निया, स्टायलो यांची शेंग पेरापेरांची असते आणि प्रत्येक पेरात एक बी.

स्टायलोत पेरं जास्तीत जास्त दोन आणि त्यातलं खालचं अनेकदा खुरटलेलं. वरच्या पेराला चोच असते, ती किंजलाच्या उरलेल्या बुडापासून होते. चोच किती लांब, सरळ की आकड्यासारखी वळलेली, पेराच्या लांबीशी तिचं प्रमाण काय, हे मोजा. निदान दहा शेंगा मोजा. एका शेंगेचं माप म्हणजे अपघात.

फोटोवरून नाव सांगणारं ॲप आहे की. ते चालत नाही का?

प्रजातीपर्यंत पोचवायला बऱ्याचदा चालतं. त्यापुढे छदकं, गाठी आणि चोच फोटोत येत नाहीत.

किल्लीतून जाताना नेहमी चुकतो. काय करू?

दोन्ही पर्याय पूर्ण वाचा, पहिला पटला म्हणून उडी मारू नका. अडल्यास दोन्ही वाटांनी पुढे जाऊन बघा, चुकीची वाट लवकरच हास्यास्पद होते. नाव सापडल्यावर काम संपत नाही. त्या नावाखालचं पूर्ण वर्णन नमुन्याशी ताडून बघा आणि शक्य असेल तर खात्रीच्या नमुन्याशेजारी आपला ठेवा. किल्ली फक्त तिच्यात असलेल्या जातींतूनच निवड करते. तुमची जाती तिच्यात नसेल तरी ती कुठलं तरी नाव देतेच.

संग्रहालयातल्या जुन्या नावांवरही डोळे मिटून विश्वास नको. झोर्निया डायफायला हे नाव कित्येक वर्षं जगभरातल्या दोन दलांच्या जवळजवळ कुठल्याही झोर्नियाला चिकटवलं जायचं. १९६१ मध्ये मोलेनब्रॉकने प्रजातीचा सविस्तर आढावा घेतला तेव्हा ७५ जाती मांडल्या गेल्या.

नावात ‘सीएफ’ आणि ‘ॲफ’ लिहिलेलं असतं ते काय?

सीएफ म्हणजे ‘ताडून बघा’: बहुधा हीच जाती, खात्री बाकी आहे. ॲफ म्हणजे ‘हिच्या जवळची, पण ही नव्हे’. पहिल्यात शंका अभ्यासकाबद्दल असते, दुसऱ्यात दावा रोपाबद्दल. अर्धवट माहितीत खोटी खात्री दाखवण्यापेक्षा ही दोन टिपणं कितीतरी प्रामाणिक आहेत, आणि पुढच्या प्रश्नातली गोष्ट एका ‘ॲफ’पासूनच सुरू होते.

माझं रोप कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही. नवी जाती सापडली का?

शक्य आहे. पण आधी तीन कंटाळवाण्या शक्यता तपासा: रोप दुसऱ्या खंडातून आलेलं असेल, ज्ञात जातीचं टोकाचं रूप असेल, किंवा जुन्या विसरलेल्या नावाखाली वर्णन झालेलं असेल.

पहिल्या शक्यतेचा नमुना घ्या. स्टायलोसँथेस ह्युमिलिस ही मूळची अमेरिका खंडातली. ती आग्नेय आशियात पोचलेली होती. टाउबर्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रजातीवर काम करताना तिकडच्या रोपांना स्टायलोसँथेस सुंडाइका असं वेगळं नाव दिलं. पुढे हीच वनस्पती ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या परिसरात आपोआप पसरली, चारा म्हणून नावाजली गेली, आणि तिथल्या लिखाणात ती बराच काळ सुंडाइकाच होती. ती ह्युमिलिस आहे हे नंतर मान्य झालं. माळावरची पाहुणी कधी कधी घरच्यासारखी वागते.

आता उलटी गोष्ट, खरोखर वेगळ्या निघालेल्या रोपाची. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ह्युमिलिसवर करपा पडला आणि कुरणंच्या कुरणं गेली. करप्याला तोंड देईल अशा स्टायलोच्या शोधात दक्षिण अमेरिकेतून बियाणं गोळा करण्याचा सपाटा लागला. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या कोरड्या भागातून काही रोपं आली, ती स्टायलोसँथेस स्कॅब्रासारखी दिसायची. पण स्कॅब्रा हलक्या, आम्ल, वाळूच्या जमिनीतली, आणि ही मात्र भारी चिकणमातीत खुशाल वाढायची. लव कमी, ठेवण उभी. स्कॅब्राची गुणसूत्रं ४०, हिची २०. मुळांवर गाठी यायला तिला स्वतःचे खास जिवाणू लागायचे. चारा म्हणून तिचे वाण १९९० च्या दशकात शेतकऱ्यांच्या हाती गेलेसुद्धा, आणि शास्त्राच्या दप्तरी ती तोपर्यंत ‘स्कॅब्राच्या जवळची’ एवढीच होती. शेवटी २००२ मध्ये मास आणि ट मानेट्ये यांनी तिचं रीतसर वर्णन करून स्टायलोसँथेस सीब्राना हे नाव दिलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या अभ्यासकांनी दाखला दिला की सीब्राना म्हणजे स्कॅब्राच, वेगळं नाव टिकत नाही. दुसऱ्या बाजूला जनुकीय काम सांगत होतं की ४० गुणसूत्रांची स्कॅब्रा ही संकरातून जन्मलेली आहे: एक पूर्वज सीब्रानासारखा, दुसरा चिकट लवेची स्टायलोसँथेस व्हिस्कोसा. म्हणजे आई आणि लेक एकाच नावाखाली ठेवायच्या का, असा हा वाद आहे. माझं मत विचाराल तर गुणसूत्रं, जमीन आणि जिवाणू तिन्ही वेगळे असताना दोन नावं ठेवणं माळावरच्या माणसाला जास्त उपयोगी. वाळलेल्या नमुन्यांच्या ढिगासमोर बसलेल्याला ते पटेलच असं नाही, आणि त्याचंही बरोबर असू शकतं, कारण नुसत्या नमुन्यावरून त्या दोघी दरवेळी वेगळ्या काढता येत नाहीत.

मग जाती म्हणजे नेमकं काय?

जातीचं वर्णन म्हणजे एक अंदाज असतो: अमुक लक्षणं एकत्र आढळणारा हा गट वेगळा वंश म्हणून जगतो आहे. नवा पुरावा आला की अंदाज टिकतो, फुटतो किंवा दुसऱ्यात विरघळतो.

स्टायलोत बहुतेक फुलं स्वतःच्याच परागाने फळतात. त्यामुळे एका टेकाडावरचे छोटे फरक पिढ्यानपिढ्या तसेच टिकतात आणि शेजारच्या टेकाडावर वेगळे. प्रत्येक टेकाडाला जाती म्हणायचं का? काहींनी जवळजवळ तसंच केलं. १९७७ मध्ये ट मानेट्ये यांनी उलट वाट धरून स्टायलोसँथेस गायानेन्सिस या एका जातीखाली बऱ्याच रूपांना उपप्रकार म्हणून ठेवलं, इतरांनी त्यातल्या काहींना पुन्हा स्वतंत्र जाती केलं. म्हणून प्रजातीत जाती किती याचं उत्तर कोणाला विचारता त्यावर आहे, पंचविसेकपासून पन्नासच्या आसपासपर्यंत.

डीएनए तपासला की वाद मिटत नाही का?

नाते कळते, सीमा कळतेच असं नाही. वनस्पतींसाठी २००९ मध्ये आरबीसी-एल आणि मॅट-के ही दोन जनुकं ओळखपट्टी म्हणून ठरवली गेली. दोन्ही हरितलवकातली, आणि हरितलवक बहुधा फक्त आईकडून येतं. संकरातून झालेल्या जातीचा बाप त्यात दिसत नाही. स्कॅब्रासारख्या जातीसाठी केंद्रकातली जनुकंही बघावी लागतात आणि गुणसूत्रं मोजावी लागतात. बी खरवडून भिजवा, नाहीतर कडक कवचामुळे ते रुजणारच नाही. मग कोवळ्या मुळाच्या टोकातली गुणसूत्रं मोजता येतात.

भुईमूग स्वतः अशाच संकरातून आला आहे, ४० गुणसूत्रं, दोन जंगली पूर्वजांकडून वीस-वीस. घराण्याची रीतच दिसते.

नवी जाती अधिकृत केव्हा होते?

वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता दर सहा-सात वर्षांनी वनस्पतिशास्त्र परिषदेत सुधारली जाते. ताजी आवृत्ती २०२४ च्या माद्रिद परिषदेनंतरची आहे. कोणी मंजुरी देणारी समिती नसते. नियम पाळून छापलं की नाव वैध झालं. ते लोकांनी स्वीकारायचं की नाही हा वेगळा मामला.

नियम थोडक्यात असे. नाव प्रसिद्ध झालं पाहिजे, २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) असलेली पीडीएफही चालते. वर्णन किंवा वेगळेपण सांगणारी टिपणी लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत हवी. १९३५ ते २०११ या काळात फक्त लॅटिनच चालायची, त्यामुळे त्या पिढीतले वनस्पतिशास्त्रज्ञ लॅटिनच्या विभक्त्यांत पक्के होते. १९५८ पासून एक प्रकार-नमुना नेमून सांगावा लागतो, १९९० पासून तो कुठल्या संग्रहालयात आहे हेही. वर्णनच नसलेलं छापील नाव ‘नोमेन नूडुम’ ठरतं, शब्दशः नागडं नाव, आणि त्याला कसलाही हक्क नसतो.

प्रकार-नमुना म्हणजे सगळ्यात नमुनेदार रोप ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रकार-नमुना (होलोटाइप) म्हणजे नाव ज्या खुंटीला टांगलंय ती खुंटी. ते रोप किडकं, एका बाजूने चरलेलं, जातीच्या टोकाच्या रूपाचंही असू शकतं. पुढे कोणी जातीचे दोन भाग केले तर ज्या भागात ही खुंटी येते त्याला जुनं नाव मिळतं. सीब्रानाच्या वादातही शेवटी बघायचं असतं ते हेच, की कुठल्या नावाचा प्रकार-नमुना कुठल्या गटात पडतो.

एकाच वेळी, एकाच जागी गोळा केलेल्या त्याच्या जोडनमुन्यांना आयसोटाइप म्हणतात. ते दोन-तीन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांना पाठवा. आग, पूर, वाळवी कुणाला सांगून येत नाही.

वर्णन लिहायचं कसं?

खालून वर: मूळ, खोड, उपपर्ण, पान, फुलोरा, छद, फूल, शेंग, बी. क्रम मोडू नका, कारण वाचणारा दोन जातींची वर्णनं शेजारी ठेवून वाचतो. क्रियापदं गाळतात, मापं देतात. ‘पान लहान, टोकदार’ असं लिहिलंत तर कोणाच्याही कामाचं नाही. असं लिहा (माप कल्पित आहे, कुठल्या खऱ्या जातीचं नाही): ‘मधलं दल भाल्यासारखं, ९–२२ × ३–६ मिमी, टोक अणकुचीदार, खालची बाजू मऊ लवेची, शिरांच्या ४–६ जोड्या खाली उठावदार, चोच १.५–२ मिमी, पेराहून आखूड, टोकाशी वळलेली.’

मग स्वतंत्र परिच्छेदात जवळच्या जातीपासूनचा फरक. तो दोन-तीन वाक्यांत सांगता येत नसेल तर बहुधा जाती नवी नाही. त्यानंतर अधिवास, फुलण्याचा काळ, आतापर्यंत सापडलेल्या जागा आणि तपासलेल्या प्रत्येक नमुन्याचा क्रमांक.

नाव ठेवताना काय पाळायचं?

लॅटिनचं लिंग. ऑब्लेने १७७५ मध्ये ट्रायफोलियम गायानेन्से असं नाव दिलेली जाती स्वार्ट्झने स्टायलोसँथेसमध्ये हलवली तेव्हा ती गायानेन्सिस झाली. लिनियसची हेडिसारम हॅमॅटम पुढे स्टायलोसँथेस हॅमॅटा झाली. शब्द तोच, शेपटी प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलते. अशा वेळी मूळ नाव देणाऱ्याचं संक्षिप्त नाव कंसात आणि हलवणाऱ्याचं कंसाबाहेर लिहितात.

वर्णन करणारी विशेषणं चांगली: स्कॅब्रा म्हणजे खरखरीत, व्हिस्कोसा म्हणजे चिकट, ह्युमिलिस म्हणजे ठेंगणी, हॅमॅटा म्हणजे आकडेदार चोचीची. रोप हातात घेताच नाव आठवतं. जाती स्वतःच्या नावाने ठेवायला नियमाची आडकाठी नाही, पण ते वाईट दिसतं.

ओळखीची नावं सारखी का बदलतात?

बाभळीचं उदाहरण सगळ्यांना टोचतं. अकेशिया ही प्रजाती एकच वंश नाही हे कळल्यावर ती फोडावी लागली. जुनं नाव कोणाला ठेवायचं यावर २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत प्रजातीची खुंटीच ऑस्ट्रेलियन गटात हलवण्याचा निर्णय झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. आफ्रिका-आशियातल्या बाभळी व्हॅचेलिया आणि सेनेगालियात गेल्या. नवं नाव लिहिताना जुनं जोडून लिहा, पुढच्या पिढीला शोधायला बरं पडेल.

नव्या जाती शोधायला रानातच जावं लागतं का?

नाही. जगात साडेतीन हजारांहून अधिक संग्रहालयं आणि त्यांत सुमारे ४० कोटी नमुने आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नव्या ठरलेल्या जातींपैकी फक्त १६ टक्के गोळा केल्यापासून पाच वर्षांत वर्णन झालेल्या होत्या, आणि जवळपास पाव जातींचे नमुने पन्नास वर्षांहून जुने होते. कपाटातल्या ‘अनिश्चित’ लिहिलेल्या घड्या उघडून बघणं हे पावसात भिजण्याइतकंच फळणारं काम आहे.

पन्नास वर्षांपूर्वी वाळलेलं फूल उघडायचं कसं?

आधी संग्रहालयाची परवानगी. मग फूल कागदावरून सुईने अलगद सोडवून गरम पाण्यात टाका, पाण्यात साबणाचा एक थेंब. फूल फुगून तळाशी बसलं की काढा आणि ध्वजापासून सुरुवात करून पाकळ्या बाजूला करा. स्टायलोची नळी सगळ्यात आधी तुटते, म्हणून फूल नेहमी बुडाकडून उचला. तपासून झालं की सगळे तुकडे वाळवून छोट्या पाकिटात घाला, त्यावर तारीख लिहा आणि पाकीट त्याच कागदावर चिकटवा.